दोन सेकंदांचा उजेड

मॉनिटरची कळ दाबली की कंपनीचे चिन्ह उमटायचे, त्यापाठोपाठ विंडोजचा निळा पडदा दिसायचा आणि मनातल्या मनात एक, दोन म्हणेपर्यंत सगळे काळे व्हायचे. कळीशेजारचा हिरवा दिवा मात्र तसाच तेवत राहायचा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून दोन दिवस झाले होते, दुपारी कूलरच्या टाकीतले पाणीसुद्धा हाताला गरम लागत होते, आणि माझ्याकडे एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची ११२ पाने अर्धवट मांडून पडलेली होती. मी आधी केबल काढून पुन्हा लावली, मग मुलीचा लॅपटॉप जोडून पाहिला, मग मॉनिटरची वायर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डात लावून पाहिली. दर वेळी तेच दोन सेकंद हाती लागत होते.

हा मॉनिटर मी २००८ साली घेतला. पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी हे माझे पोटापाण्याचे काम आहे आणि त्या कामासाठी या पडद्याची ठेवण मला फार सोयीची पडते. तो १९ इंची असून त्याचे प्रमाण ५:४ आहे, म्हणजे आडवे १२८० आणि उभे १०२४ ठिपके. हल्लीच्या साडेएकवीस इंची रुंद पडद्याची उंची सुमारे २७ सेंटीमीटर भरते, तर या जुन्या पडद्याची ३० सेंटीमीटर आहे; ए-फोर आकाराचा कागद उभा धरून काचेला टेकवला तर तो जवळपास काठोकाठ बसतो. पान जसे छापले जाणार तसे, त्याच मापात डोळ्यांसमोर राहिले की ओळींमधले अंतर, वेलांट्यांची गर्दी आणि समासाचा तोल यांतल्या चुका लगेच दिसतात. म्हणून एका दुरुस्तीच्या दुकानात मला "एवढा जुना आहे, सोडून द्या, नवीन घ्या" असे सांगण्यात आले तेव्हा ते माझ्या मनाला पटले नाही. त्या दुकानात मॉनिटर उघडूनही पाहिला गेला नव्हता.

त्या रात्री घरातले दिवे मालवून मी एक साधी तपासणी केली, आणि पुढचे सगळे काम तिच्यामुळेच शक्य झाले. मॉनिटर सुरू केला, तो काळा पडू दिला आणि मग मुलीला बॅटरी काचेजवळ तिरपी धरायला सांगितली. समोरून सरळ उजेड टाकला की काच नुसती चमकते. तिरपा टाकला आणि डोळा त्याच बाजूने जवळ नेला की आत काय चालले आहे ते दिसते. बॅटरीच्या त्या लहानशा गोल उजेडात, विहिरीच्या तळाशी असल्यासारखी फिकट, स्मरणिकेचे मुखपृष्ठ दिसत होते. "बाबा, माऊस हलतोय!" मुलगी ओरडली. मी माऊस फिरवत होतो आणि बाण खरोखर त्या उजेडाच्या वर्तुळातून सरकत होता.

याचा अर्थ असा की चित्र तयार होत होते, ते दाखवणारा उजेड तेवढा नव्हता. एलसीडीचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे उघडझाप करणारी एक सूक्ष्म झडप असते; मागचा उजेड ती कमीअधिक प्रमाणात पुढे जाऊ देते आणि त्यातून चित्र उमटते. मागून उजेड देणाऱ्या या व्यवस्थेला बॅकलाइट म्हणतात. माझ्या मॉनिटरच्या काळात त्यासाठी सीसीएफएल नावाच्या, काडीएवढ्या जाडीच्या काचेच्या नळ्या वापरत असत. घरातल्या ट्यूबलाइटची ती धाकटी बहीणच: आत थोडा पारा, काचेच्या आतल्या बाजूला चमकणाऱ्या पदार्थाचा थर, आणि पेटण्यासाठी लागणारा विजेचा मोठा दाब. हा दाब तयार करणाऱ्या मंडलाला (सर्किटला) इन्व्हर्टर म्हणतात, मात्र घरातली लाइन गेल्यावर चालणाऱ्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. नळी पेटताना तो हजार व्होल्टच्या पुढे जातो आणि पेटल्यानंतरही सहाशे-सातशे व्होल्टवर तिला चालवतो. एखादी नळी नीट पेटली नाही किंवा तिच्यातून ठरलेला प्रवाह गेला नाही, तर तो सुरक्षेसाठी सगळ्याच नळ्या एकदोन सेकंदांत बंद करतो. माझ्या दोन सेकंदांचे रहस्य एवढेच होते. आता प्रश्न हा होता की इन्व्हर्टरला पुरेशी वीज मिळत नव्हती, की त्याच्यातच बिघाड होता, की नळी गेली होती.

मॉनिटर उघडण्याआधी मी शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांनी उभे आयुष्य टीव्ही दुरुस्तीत घालवले आहे आणि आता डोळ्यांमुळे काम थांबवले आहे. त्यांनी डब्यातून १० किलोओहमचा, पाच वॅटचा एक पांढरा रोधक (रेझिस्टर) काढला, त्याच्या दोन्ही पायांना वायरी जोडून वर टेप गुंडाळला आणि माझ्या हातात ठेवला. "बाबू, वायर काढली म्हणून करंट गेला असं समजू नको. मोठ्या कॅपॅसिटरच्या दोन पायाले हे लाव अन् पाचसहा सेकंद धरून ठेव, मंगच आत हात घाल." आपल्या घरी येणारी २३० व्होल्टची वीज मॉनिटरच्या आत सरळ, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, केली जाते तेव्हा त्या मोठ्या कॅपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर, सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यानंतरही ते काही काळ तिथेच राहू शकतात. १०० मायक्रोफॅरडचा (हे त्याच्या साठवणक्षमतेचे माप) कॅपॅसिटर १० किलोओहममधून रिकामा करायचा तर दर सेकंदाला त्याचा दाब जवळपास एक तृतीयांशावर येतो आणि पाच सेकंदांत दोनतीन व्होल्टच उरतात. मी दहा सेकंद धरला आणि त्यानंतर मल्टिमीटर लावून आकडा शून्याजवळ आला आहे हे डोळ्यांनी पाहिले. हे काम घरी करणाऱ्या प्रत्येकाने ही एक पायरी कधीही गाळू नये, असे मला अगदी कळकळीने सांगावेसे वाटते.

मागचे झाकण स्क्रूंनी कमी आणि कडेच्या खाचांनी जास्त धरलेले असते. लोखंडी पेचकस घालून ते उचकटले की प्लॅस्टिकवर कायमचे वण उमटतात, म्हणून मी एक जुने एटीएम कार्ड कडेने सरकवत नेले आणि एकेक खाच टक्-टक् आवाज करीत सुटत गेली. आतल्या पत्र्याच्या पेटीखाली दोन पाट्या, म्हणजे सर्किट बोर्ड, होत्या: एक चित्राची आणि दुसरी विजेची, आणि विजेच्या पाटीवरच इन्व्हर्टरही होता. चौदा वर्षांची धूळ होती, पण साधी धूळ नव्हती. आमच्याकडे चार महिने कूलर चालतो आणि बोअरच्या पाण्यातले क्षार त्या ओल्या हवेबरोबर खोलीभर फिरतात; त्यामुळे पाटीवर पिठासारखा पांढरट लेप बसला होता. तो मी मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळूहळू उतरवला.

लेप निघाल्यावर दोष उघड्या डोळ्यांनाही दिसला. विजेच्या पाटीवर वीज बाहेर पडते त्या बाजूला, जिथून ५ आणि १४ व्होल्ट निघतात, तिथे उभ्या असलेल्या पाच कॅपॅसिटरांपैकी तिघांची डोकी फुगलेली होती. चांगल्या कॅपॅसिटरचे डोके नाण्यासारखे सपाट असते आणि त्यावर फुलीसारखी खाच असते. या तिघांच्या खाचा ताणून उघडल्या होत्या आणि त्यांतल्या एकाच्या डोक्यावर तपकिरी, वाळलेल्या डिंकासारखा थर होता. आतला द्रव तापून वायू तयार होतो आणि तो बाहेर पडायला वाट शोधतो, त्याची ही खूण.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे भाग लवकर का जातात, याचा हिशेब सरळ आहे. या कॅपॅसिटरांवर १०५ अंश आणि २००० तास असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ १०५ अंश सेल्सिअसवर ते सुमारे २००० तास टिकतील असा असतो. तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणजे ते ६५ अंशांवर राहिले तर २००० चे १६ पट, ३२,००० तास मिळतात आणि ७५ वर गेले तर त्याचे निम्मे. बाहेर ४५ अंश, खोलीत ३८, बंद झाकणाच्या आत शेजारीच तापणारे ट्रान्झिस्टर आणि त्यावर रोजचे दहा तास काम. अशा ठिकाणी हे भाग चौदा वर्षे टिकले, याबद्दल मला खरे तर त्यांचे आभारच मानावेसे वाटतात.

भाग बदलण्याआधी मी मोजमाप घेतले. झाकण उघडे ठेवून, एक हात पाठीमागे बांधल्यासारखा दूर ठेवून, मल्टिमीटरची काळी पिन पत्र्याला अडकवली आणि लाल पिन १४ व्होल्टच्या जागी टेकवली. कळ दाबताच १३.९ दिसले, नळ्या पेटल्या आणि त्याच क्षणी आकडा घसरून ९.४ वर आला, मग काळोख झाल्यावर पुन्हा १३.९. भार येताच दाब कोसळत होता. इन्व्हर्टरच्या नळ्यांकडे जाणाऱ्या टोकांना मात्र मी मल्टिमीटर लावला नाही आणि कोणी लावूही नये. तिथला दाब आणि त्याची कंपने साध्या मल्टिमीटरला पेलणारी नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत, ऊन चढण्याआधी, सुभाषनगरहून मेट्रो पकडून मी बर्डीवर गेलो. सीताबर्डीच्या गल्ल्यांतून इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची लहान दुकाने आहेत, जिथे भिंतभर प्लॅस्टिकच्या खणांतून रोधक आणि कॅपॅसिटर भरून ठेवलेले असतात. मला १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे तीन आणि ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन हवे होते. फुगले तीनच होते, पण एकाच वयाचे, एकाच उष्णतेत राहिलेले पाचही बदलायचे मी ठरवले होते. दुकानदाराने आधी साधे काढले. मी १०५ अंशांचे आणि कमी अंतर्गत रोधाचे मागितल्यावर त्याने दुसरा खण ओढला. "सांगाचं न भाऊ, एसएमपीएसवाले पाहिजे म्हणून! हे घ्या, पण डोकं थोडं उंच आहे, तुमच्या डब्बीत बसते का पाहून घ्या." एसएमपीएस म्हणजे मॉनिटरमधल्या विजेच्या पाटीसारखा वीजपुरवठा. त्याचे म्हणणे अगदी योग्य होते. व्होल्ट मूळ भागाइतके किंवा थोडे जास्त चालतात, पण उंची आणि जाडी जमली नाही तर पत्रा परत बसत नाही. मी जुना कॅपॅसिटर खिशात घालून नेला होता म्हणून तिथेच मोजता आले. पाचांचे मिळून ६० रुपये झाले.

जुने भाग काढणे हे नवे लावण्यापेक्षा नाजूक काम आहे. चौदा वर्षांचे कथील सहज वितळत नाही. त्यावर आधी थोडे ताजे कथील लावले की दोन्ही मिसळून पातळ होतात आणि मग पंपाने ओढून घेता येतात. घाईने पाय ओढला तर त्याबरोबर पाटीवरची तांब्याची वाटही उचलली जाते. कॅपॅसिटरच्या अंगावरचा फिका पट्टा ऋण बाजू दाखवतो आणि पाटीवरही त्या बाजूला अर्धे वर्तुळ रंगवलेले असते. ते प्रत्येक वेळी दोनदा पाहून मी पाचही बसवले. जुन्या फुगलेल्यांपैकी एक काकांच्या टेस्टरवर ठेवून पाहिला, तर १००० च्या जागी २८० मायक्रोफॅरड उरले होते.

पुन्हा कळ दाबली. १४.१ व्होल्ट, नळ्या पेटल्यावर १४.०. दोन सेकंद गेले, दहा गेले, पाच मिनिटे गेली. पडदा उजळलेला राहिला आणि त्या रात्री मी स्मरणिकेची वीस पाने लावली.

अकरा दिवस सगळे छान चालले. बाराव्या दिवशी सकाळी पडदा पेटला तो गुलाबीसर रंगाचा. पांढरा कागद असा दिसत होता की त्यावर कोणी फिक्या गुलालाचे पाणी फिरवले आहे. पाच मिनिटांत रंग निवळला, म्हणून मी दुर्लक्ष केले. दुपारी काम करता करता पडदा अचानक काळा झाला आणि संध्याकाळपर्यंत आम्ही पुन्हा दोन सेकंदांवर येऊन पोहोचलो. मला त्या क्षणी फार वाईट वाटले, कारण कॅपॅसिटरचे निदान अगदी पुराव्यासह केलेले होते. ते चुकलेही नव्हते, पण अपुरे होते: कॅपॅसिटर खराब होते आणि त्यांच्या आडोशाला दुसरा दोष वाढत होता.

या वेळी काळोख होत असतानाही १४ व्होल्टचा आकडा जागचा हलत नव्हता, म्हणजे वीजपुरवठा दोषमुक्त झाला. इन्व्हर्टरवरचा लहान फ्यूज शाबूत होता. मग वीज तोडून, मोठा कॅपॅसिटर रिकामा करून, मी इन्व्हर्टरच्या दोन ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या बाजूच्या चारही गुंडाळ्यांचा रोध मोजला. एक जळाली असती तर तिचा आकडा इतरांपासून तुटून पडला असता. चारही ८८० ते ९०० ओहमच्या दरम्यान आल्या. उरल्या नळ्या. या पडद्यात दोन वरच्या कडेला आणि दोन खालच्या कडेला अशा चार नळ्या होत्या. अंधारात पडद्याकडे एकटक पाहत मी ते दोन सेकंद पुन्हा पुन्हा पाहिले, तेव्हा खालची कड वरच्यापेक्षा स्पष्टपणे लालसर पेटते हे लक्षात आले.

पडद्याचा मुख्य भाग उघडणे ही या कामातली सर्वांत धोक्याची पायरी होती. काचेच्या कडेला पातळ, तपकिरी फितींसारख्या पट्ट्या असतात; काच आणि तिची पाटी यांना जोडणाऱ्या त्या पट्ट्यांपैकी एक जरी फाटली, तरी पडद्यावर कायमच्या रेघा येतात आणि घरी त्यावर इलाज नाही. म्हणून काच पूर्ण वेगळी न करता, तिच्या पाटीसकट एखादे पुस्तक उघडावे तशी उचलून उशीवर आडवी ठेवायची, असे मी ठरवले. दुसरा शत्रू धूळ. काचेमागे प्रकाश पसरवणारे आणि वळवणारे प्लॅस्टिकचे तीन पातळ कागद आणि त्यांच्यामागे जाड अ‍ॅक्रिलिकची पाटी असते, आणि त्यांच्यामध्ये एक कण जरी अडकला तरी पांढऱ्या पानावर तो डाग होऊन बसतो. मी पहाटे पाचला उठून, रात्रीच ओल्या फडक्याने पुसून ठेवलेल्या खोलीत, पंखा आणि कूलर दोन्ही बंद करून काम सुरू केले. त्या वेळीही भिंती तापलेल्याच होत्या. घाम कागदांवर पडू नये म्हणून बायको शेजारी बसून पदराने माझे कपाळ टिपत होती आणि प्रत्येक कागद मी ज्या क्रमाने, ज्या बाजूने उचलला, तसा एका धुतलेल्या चादरीवर मांडून ठेवत होती. त्या कागदांची उलटसुलट बाजू नुसत्या डोळ्यांना कळत नाही, त्यामुळे तिने प्रत्येकाच्या उजव्या वरच्या कोपऱ्याशी चादरीवर खडूने खूण केली होती.

खालच्या नळ्यांची पत्र्याची पन्हळ बाहेर काढली आणि कारण समोर आले. नळीच्या टोकाला रबराची एक लहान टोपी असते आणि तिच्या आत वायर नळीच्या पायाला जोडलेली असते. एका नळीची टोपी कोळशासारखी काळी आणि ठिसूळ झाली होती. बोटाने दाबताच तिचा चुरा झाला आणि आत वायर पायापासून केसाएवढी सुटलेली दिसली. त्या फटीतून मोठ्या दाबाची वीज ठिणगी होऊन उडी मारत होती आणि गरम झाल्यावर फट वाढून उडीही थांबत होती. नळीचे टोकही दोन सेंटीमीटरपर्यंत काळवंडले होते. शेजारची नळी अखंड होती, पण तिची टोकेही धुरकट झाली होती.

वायर पुन्हा जोडून काही दिवस निघाले असते, परंतु चौघींचेही वय झाले होते आणि या मापाच्या नळ्या बर्डीवर कोणाकडेच मिळाल्या नाहीत. यामागे केवळ काळ बदलला एवढेच कारण नाही. पाऱ्याच्या वापरावर मर्यादा घालणाऱ्या २०१३ च्या मिनामाता करारात पडद्यांमधल्या या नळ्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि ५०० मिलिमीटरपर्यंतच्या एका नळीत साडेतीन मिलिग्रॅमहून जास्त पारा असू नये असे बंधन त्यात घातले होते. म्हणूनच त्या नळ्या काढताना मी खिडक्या उघडल्या, मुलीला खोलीबाहेर पाठवले, आणि चारही नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून एका कडक पुठ्ठ्याच्या नळकांड्यात ठेवल्या. नंतर त्या ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात दिल्या. घंटागाडीत त्या टाकू नयेत. तिथे त्या फुटतात आणि फोडणाऱ्या माणसाला आपण काय श्वासात घेतो आहोत हे ठाऊक नसते.

नळ्यांच्या जागी आता एलईडीच्या पट्ट्या लावण्याचे संच मिळतात: दोन पट्ट्या आणि त्यांना ठरलेला प्रवाह देणारी आगपेटीएवढी एक पाटी. मी ५०० रुपयांचा एक संच मागवला. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश तयार होतो आणि त्याच्यावरचा पिवळसर थर त्याला पांढरा करतो. हा निळा एलईडी साधण्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या कामाचा एक बारीकसा तुकडा माझ्या चादरीवर पडला होता. पट्टी दर तीन एलईडींनंतर असलेल्या खुणेवरच कापायची असते, मधे कापली तर तो तुकडा पेटत नाही. पन्हळ ३८ सेंटीमीटरची होती. मी दोन्ही पट्ट्या खुणेवर कापून, पन्हळ स्पिरिटने पुसून, दुहेरी चिकटपट्टीने त्यात बसवल्या. एलईडींचे तोंड अ‍ॅक्रिलिकच्या कडेच्या बरोबर मध्यावर यावे लागते. पहिल्यांदा खालची पट्टी एका टोकाला जराशी कलली, तर त्या कोपऱ्यात भिंतीवर मोटारीच्या दिव्यांचे पट्टे पडावेत तसे उजेडाचे पट्टे दिसले आणि ती मला उचलून पुन्हा बसवावी लागली.

नव्या पाटीला चार टोके होती: धन, ऋण, चालू-बंद आणि उजेड कमी-जास्त. जुन्या इन्व्हर्टरला आता काम नव्हते, म्हणून त्याचा फ्यूज काढून टाकला आणि त्या फ्यूजच्या ज्या बाजूला १४ व्होल्ट येतात तिथूनच नव्या पाटीला धन जोडले. चालू-बंदसाठी चित्राच्या पाटीकडून येणारी, बीएल ऑन (बॅकलाइट चालू) असे छापलेली पिन शोधली. मॉनिटर जागा असताना तिथे ३.२ व्होल्ट आणि संगणक झोपी गेला की शून्य मिळत होते. ही जोडणी आळसाने टाळून ते टोक थेट १४ व्होल्टला लावले, तर संगणक बंद असला तरी मागचा उजेड रात्रभर पेटलेला राहील.

उजेडाचे टोक मात्र उलटे निघाले. मेनूमध्ये ब्राइटनेस १०० केला की पडदा मंद व्हायचा आणि शून्य केला की लख्ख. मोजल्यावर कळले की जुन्या इन्व्हर्टरला कमी दाब म्हणजे जास्त उजेड असा संकेत होता आणि नवी पाटी नेमकी उलट शिकलेली होती. दोनतीन भाग जोडून संकेत उलटा करता आला असता, पण मी काकांच्या डब्यातले १० किलोओहमचे एक पोट, म्हणजे मूठ फिरवून कमी-जास्त करता येणारा रोधक, घेतले, त्याची दोन टोके ५ व्होल्ट आणि ऋण यांना आणि मधला पाय उजेडाच्या टोकाला जोडला, आणि मागच्या झाकणाला भोक पाडून त्याची मूठ बाहेर काढली. आता जुन्या रेडिओचा आवाज वाढवावा तसा मी उजेड वाढवतो. रात्री काम करताना हात आपोआप तिकडे जातो, आणि तीन वेळा कळा दाबून मेनूत शिरण्यापेक्षा मला हेच फार आवडते.

सगळे बंद करून पडदा लावला तेव्हा उजव्या बाजूला, मधल्या उंचीवर, एक बारीक वाकडी रेघ दिसली. दोन कागदांमध्ये एक केस गेला होता. बायको म्हणाली, "अहो, राहू द्या, एवढं काय कोणाला दिसणार आहे?" पण ती रेघ पानावर नेमकी मात्रेसारखी दिसायची आणि रोज शेकडो मात्रा तपासणाऱ्या माणसाला ती सोडून देणे शक्य नव्हते. दुसऱ्या पहाटे पुन्हा चादर अंथरली, पुन्हा खडूच्या खुणा केल्या, आणि चिकटपट्टीच्या उलट्या टोकाने तो केस टिपून काढला.

रंग थोडा बदलला आहे. जुन्या नळ्यांचा पांढरा उबदार होता, नव्या पट्ट्यांचा निळसर आहे. मेनूतला निळा आठ घरांनी कमी करून आणि छापील मुखपृष्ठ शेजारी धरून मी तो बराच जुळवून घेतला आहे. मागच्या झाकणावर पूर्वी दुपारी हात ठेवता येत नसे, आता ते कोमट लागते. स्मरणिका वेळेत छापून झाली. झाकण शेवटचे बसवण्याआधी मी आतल्या पत्र्यावर एक कागद चिकटवला आणि त्यावर तारीख, बदललेल्या पाचही कॅपॅसिटरांची मापे, १४.१ व्होल्ट, काढलेल्या फ्यूजची जागा आणि चारही वायरींचे रंग लिहून ठेवले. फ्यूज तिथेच, टेपखाली आहे.